मशीन नको, आधी फिल्म मागवा

प्रश्न : कळव्याला घराखालच्या गाळ्यात मी आणि मिस्टर टी-शर्ट छापतो. स्क्रीनचं एक टेबल, १५ बाय १५ इंची हीट प्रेस आणि व्हिनाइल कापायचा प्लॉटर, एवढंच भांडवल. शाळा, सोसायट्या, गोविंदा पथकं ही आमची गिऱ्हाइकं. हल्ली सगळ्यांना फोटोसारखं रंगीत डिझाइन हवं असतं, तेही दहा-पंधरा नगांवर. कर्ज काढून डीटीएफ मशीन (डिझाइन आधी फिल्मवर छापायचं, मग प्रेसने कापडावर उतरवायचं) घ्यावं का? की सबलिमेशन बरं?
– एक वाचक, कळवा

उत्तर : ताई, मशीन इतक्यात नको. वागळे इस्टेटमध्ये २२ वर्षं स्क्रीनवर स्क्वीजी, म्हणजे शाईची रबरी पट्टी, ओढतोय, आणि डीटीएफ मशीन घेऊन चार महिन्यांत त्याचं शाई फवारणारं हेड घालवून बसलेला माणूसही मीच. या मशीनचं सगळं दुखणं पांढऱ्या शाईत. तिच्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड जड. मशीन उभं राहिलं की खाली बसतं आणि हेडची छिद्रं बुजतात. ऑर्डर असो-नसो, रोज थोडं चालवावंच लागतं. त्यात आपला पावसाळा. फिल्मवरच्या ओल्या शाईवर टाकायची गोंदाची पावडर ओल धरते, गुठळ्या होतात, आणि नको तिथे चिकटून छापाभोवती कोंडा पडल्यासारखं दिसतं. दहा-पंधरा नगांवर हे लाड परवडत नाहीत.

फिल्म मीटरवर छापून मिळते, ती मागवा. ६० सेंमी रुंदीच्या रोलवर छापायला ५८ धरा. पाठीवरचं २८ बाय ३७ सेंमीचं डिझाइन मीटरभरात चार वेळा बसतं. खाली पंचवीसेक सेंमी उरतात, त्यात छातीवरचे ९ सेंमीचे १२ लोगो बसवा. ती पट्टी कोरी सोडलीत तरी पैसे पूर्ण मीटरचेच जातात.

स्क्रीन मात्र मोडीत काढू नका. शाळेचा एकरंगी लोगो आणि २०० नग असतील तर तिला तोड नाही. उलट डीटीएफचा पाठभर ठोकळा म्हणजे अंगावर रेक्झिनचा तुकडा. ऑगस्टच्या उकाड्यात थर लावणाऱ्या पोरांना विचारा. डिझाइनमध्ये मधे मधे कापड उघडं ठेवायला सांगा.

सबलिमेशन फक्त पॉलिस्टरवर, तेही पांढऱ्या नाहीतर फिकट. १९०-२०० अंशांना शाईची वाफ होऊन धाग्यात शिरते. सुती कापडावर तो रंग धुण्यात निघून जातो. क्रिकेटच्या जर्सी करणार असाल तर बघा, नाहीतर विषय सोडा.

आणि याच वाफेने मला एकदा बुडवलंय. एका पथकाचे मरून डॉटनिटचे, म्हणजे जाळीदार पॉलिस्टरचे, ८० टी-शर्ट होते. रात्री गठ्ठे बांधले तेव्हा अक्षरं दुधासारखी पांढरी. दहीहंडीच्या सकाळी गठ्ठा सोडला तर सगळी गुलाबी! पथकाचा म्होरक्या म्हणाला, "शेठ, आम्ही गोविंदा आहोत, गवळणी नाही." पैसे अर्धेच मिळाले, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. पॉलिस्टरचा स्वतःचा रंग प्रेसच्या उष्णतेने सुटतो आणि वरच्या छापात चढतो, कधी लगेच, कधी दोन दिवसांनी. म्हणून गडद पॉलिस्टरला प्रेस जमेल तितका कमी तापवा, रंग अडवणारी काळी पावडर लावलेली फिल्म मागा, आणि एक नग दाबून दोन दिवस खुंटीला टांगून ठेवा. लॉट त्यानंतर.

कर्ज काढायचंच असेल तर आधी प्रेसकडे बघा. थंड असताना चारी कोपऱ्यांत कागदाच्या पट्ट्या ठेवून प्रेस बंद करा आणि एकेक ओढा. जी पट्टी सहज निघून येईल, त्या कोपऱ्यात दाब पडत नाही, आणि लोगोची कडही तिथेच सुटणार. प्लेट नीट बसवून घ्या, नाही बसली तर १६ बाय २० ची नवी प्रेस घ्या. फिल्मची पहिली ऑर्डर त्यानंतर द्या.