आजारातून उठून अंदमानला निघालीस तर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

डेंग्यूतून उठलीस, डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं, आणि आई मात्र "आत्ताच कशाला समुद्रात?" म्हणून अडून बसली आहे, असं लिहिलंस. मी आईच्या बाजूने नाही, पण पूर्ण तुझ्या बाजूनेही नाही. जा, मात्र तू पाठवलेला कार्यक्रम घेऊन जाऊ नकोस. पहाटे तीनला उठून बाराटांग बेट, दुसऱ्या दिवशी बोट, लगेच एलिफंट बीच, संध्याकाळी राधानगरचा किनारा. असा कार्यक्रम धडधाकट माणसालाही आडवं करेल. शिवाय त्याच्या मागे मला एक वेगळाच हेतू दिसतो. आपण खरोखर बरे झालो का, हे तुला तिथे तपासून बघायचंय. ते डॉक्टरांवर सोड.

बाराटांग काढूनच टाक. तो रस्ता जारवा आदिवासींच्या जंगलातून जातो आणि गाड्यांच्या ताफ्यात बसून माणसं न्याहाळायला जाणं मला कधीच पटलेलं नाही. सेल्युलर जेल बघितल्याशिवाय मराठी माणूस परतत नाही, तूही बघ, पण जिने सकाळच्या गारव्यात चढ. श्रीविजयपुरममध्ये (आपलं जुनं पोर्ट ब्लेअर) दोन रात्री राहा आणि उरलेले सगळे दिवस एकाच बेटाला दे. मी शहीद द्वीप सुचवेन, म्हणजे पूर्वीचं नील. लहान आहे, बरंचसं सपाट आहे, रिक्षाने कुठूनही कुठेही लवकर पोचता येतं. थकलीस तर खोलीवर परतायला बोट पकडावी लागत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

आता तारखा. विमानाचं तिकीट काढण्याआधी पंचांग बघ. कोकणातल्या कोळ्यांना हे सांगावं लागत नाही: पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, अष्टमीच्या सुमाराला भांग. उधाणाच्या दिवसांत भरती मोठी, तशीच ओहोटीही खोल, पाणी लांबवर मागे जातं. भांगाच्या दिवसांत पाण्याची हालचाल कमी आणि ओढही कमी. म्हणून पौर्णिमेच्या सुमाराला बेटावर पोच आणि अष्टमीपर्यंत राहा. पहिले दिवस खडकांतली तळी बघण्यात जातील, अंगात जरा जोर आला की पाण्यात उतरायच्या वेळेला समुद्रही नरमलेला असेल. जानेवारी ते मार्च हे महिने धर.

तळ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तू तुझ्या पत्रात त्यांचं नावही काढलं नाहीस. लक्ष्मणपूरला एक नैसर्गिक दगडी कमान आहे. लोक तिच्याखाली फोटो काढतात आणि परत फिरतात. ओहोटीला तिच्या आजूबाजूचा खडक उघडा पडतो आणि खळग्या-खळग्यांत पाणी साचून राहतं. एक खळगा निवड, कडेला बूड टेकव आणि हलू नकोस. सुरुवातीला काहीच दिसणार नाही, कारण तुझी सावली पडताच सगळे लपलेले असतात. थोड्या वेळाने एखादा शंख चालायला लागतो, म्हणजे तो शंख नसून आत राहणारा खेकडा असतो. मग समुद्रकाकडी दिसते, काकडीसारखा लांबट, मऊ प्राणी, वाळू गिळून तिच्यातलं खाद्य घेणारी आणि बाकीची स्वच्छ करून मागे टाकणारी. इथे तुझा अशक्तपणा कामी येतो. सारखी चुळबुळ करणाऱ्याला तळं काही दाखवत नाही, आणि सध्या तुला चुळबुळ करायची ताकदच नाही. खडक मात्र शेवाळलेला असतो. डेंग्यूनंतर सांधे बरेच दिवस कुरकुरतात, तेव्हा पकड असलेले बूट घाल आणि हातात काठी ठेव. पाणी चढायला लागलं की लगेच ऊठ.

पक्ष्यांसाठी चिडियाटापू. श्रीविजयपुरमपासून साधारण 25 किलोमीटर. पहाटे जा, कारण तिथे घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य पूर्वेचा आहे, फेब्रुवारीतसुद्धा संध्याकाळी सहापर्यंत काळोख होतो. लाल तुऱ्याचा काळा अंदमानी सुतार जगात फक्त याच बेटांवर आहे. तो दिसण्याआधी ठोकताना ऐकू येईल. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुडही बघशील, तोच आपल्या कोकण किनाऱ्यावरही असतो.

आता स्नॉर्केलिंग, म्हणजे मुखवटा लावून, नळीतून श्वास घेत पाण्यावर तरंगत खाली बघणं. तुला पोहता येतं हे मला ठाऊक आहे, पण इथे प्रश्न श्वासाचा आहे. नळीतून श्वास घेताना छातीला रोजच्यापेक्षा जास्त काम पडतं, आणि घाबरून भरभर श्वास घेतला की नळीतली वापरलेली हवाच पुन्हा आत येते. निघण्याआधी घरी दोन जिने चढ आणि वर पोचल्यावर कुणाशी तरी बोल. वाक्य मध्येच तुटत असेल तर या खेपेला काचेच्या तळाची बोट घे, त्यात कमीपणा काही नाही. जमलं, तर इथल्याच तलावात, पाय टेकतील तिथे, मुखवटा लावून सराव कर. पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा घेऊ नकोस, गडबड झाली तर तो पटकन निघत नाही. आणि बोटवाल्याला आजाराबद्दल स्पष्ट सांग. नेणार नाहीत या भीतीने लोक गप्प बसतात. पण माहीत असेल तर तो तुला तरंगत्या रिंगला धरून सावकाश ओढत नेईल, आणि सगळ्यात जास्त मासे असं सावकाश जातानाच दिसतात.

भरती पूर्ण होत आली की उतर, म्हणजे प्रवाळांवर पोट घासणार नाही. लाइफ जॅकेट काढू नकोस. पाणी कोमट वाटतं, तरी ते अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतं. कापरं भरायची वाट न बघता वर ये. बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी झोप आणते, ती घेतली असेल तर त्या दिवशी पाण्यात जायचं नाही. किनाऱ्यावर "मॅडम, स्कूबा करा, काही होत नाही" म्हणणारे, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून खोल पाण्यात नेणारे, भेटतील. त्यांना नमस्कार कर आणि पुढे हो.

रंगीत फोटोंवरून काही ठरवून जाऊ नकोस. 2010 साली समुद्र तापला तेव्हा अंदमानातली पुष्कळ प्रवाळं पांढरी पडली, त्यांच्या अंगात राहणारी आणि त्यांना अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवालं निघून गेली. राखाडी, मेलेले पट्टे दिसतील. तेही बघ. कान पाण्याखाली गेले की फुटाणे फुटावेत तसा आवाज येतो, त्यात लहान कोळंब्यांच्या नांग्यांचा मोठा वाटा. अधूनमधून करकर ऐकू आली तर आसपास पोपटमासा शोध. तो चोचीने प्रवाळाचा दगड खरवडतो आणि पुढे त्याचीच वाळू करून टाकतो. समुद्रफुलात, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यात, क्लाउनफिश दिसली तर त्या घरातली सगळ्यात मोठी ती मादी, आणि ती मेली की तिचा नर मादी होतो. कुणी हातात समुद्रकाकडी आणून दिली तर घेऊ नकोस, तिला वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. प्रवाळाचा तुकडाही बॅगेत टाकू नकोस, परतताना विमानतळावर पकडतात आणि पकडायलाच हवं.

खाडीच्या तोंडाशी मगरीची पाटी असेल तर ती शोभेची समजू नकोस, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरोखर आहेत. पण तुला मगरीपेक्षा डासाची भीती जास्त. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे असतात आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराने गाठलं तर आजार अधिक गंभीर होऊ शकतो. हा डास दिवसा चावतो, म्हणून क्रीम सकाळीच लाव. थर्मामीटर बरोबर ठेव. ताप आला तर त्याच दिवशी पहिल्या बोटीने श्रीविजयपुरमला परत, तिथे मोठं सरकारी रुग्णालय आहे.

आईला हे पत्र वाचायला दे. तिथल्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणि सुट्टीच्या तारखा मला पाठव, मग लक्ष्मणपूरचा दिवस कुठला ठेवायचा ते ठरवू.

तुझ्या,
मॅडम