पाऊस पडतो, संवाद बुडतात

प्रश्न : ताई, आमच्या नाटकाचा दुसरा अंक सबंध पावसात घडतो. पाऊस लावला की मागच्या रांगांना संवाद कळत नाहीत. कमी केला तर पाऊस पडतोय हेच कुणाला जाणवत नाही. दिग्दर्शक म्हणतो, कलाकारांनी आवाज वाढवावा.

उत्तर : दिग्दर्शकाला म्हणावं, कलाकारांना राहू दे, आधी पाऊस आवर. रात्री खिडकीशी बसून हळू बोलणारी दोन माणसं तुमच्या पावसामुळे भांडल्यासारखी ऐकू येणार असतील, तर तो पाऊस नाटकाच्या काय कामाचा?

रेकॉर्ड केलेला पाऊस म्हणजे खालच्या-वरच्या सगळ्या पट्ट्यांतला एकसलग खरखराट. स, श, त, क ही व्यंजनं ज्यामुळे ओळखू येतात तो २००० ते ४००० हर्ट्‌झचा पट्टाही तो व्यापून बसतो. मग कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. मिक्सरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या यंत्रावर, पावसाचा तेवढाच पट्टा पाच-सहा डेसिबलनं खाली घ्या. पाऊस थोडा दूर गेल्यासारखा वाटेल, पण पाऊसच वाटेल.

दुसरी गोष्ट, पाऊस सारख्या आवाजात ठेवायचा नसतो. अंक उघडताना, संवाद सुरू व्हायच्या आधी, तो चांगला जोरात येऊ द्या. पहिलं वाक्य आलं की लगेच खाली ओढू नका, वीस-पंचवीस सेकंद घेऊन सावकाश उतरवा. इतक्या हळू उतरलेला आवाज प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. त्यांच्या लेखी पाऊस चालूच असतो. पुढे जिथे दोघं गप्प होतात तिथे किंचित वर आणा. कोणी दार उघडलं तर एकदम वर, बंद केलं की खाली. त्या एका दारानं बाहेर पाऊस असल्याची जी खात्री पटते, ती अंकभर एकसुरी वाजणाऱ्या फाइलनं पटत नाही.

आणि हा पाऊस पडतोय कशावर? पत्र्यावर, झाडीवर, की काचेवर? हवेतून पडणाऱ्या थेंबांना आवाज जवळपास नसतोच, आपण ऐकतो तो आदळण्याचा. नुसतं ‘पाऊस’ असं शोधून पहिली सापडलेली फाइल उचलू नका. नेपथ्यात खिडकी असेल तर एक छोटा स्पीकर खिडकीमागे ठेवा आणि पाऊस तिथून वाजवा. प्रेक्षागृहाच्या मुख्य स्पीकरमधून आला तर तो प्रेक्षकांच्या डोक्यावर पडतो, घराबाहेर नाही.

रिकाम्या प्रेक्षागृहात ठरवलेली पातळी प्रयोगाला तशीच ठेवू नका, हेही सांगून ठेवते. भरलेल्या खुर्च्या आवाज शोषतात, विशेषतः वरच्या पट्ट्यांतला. तालमीत बरोबर वाटलेलं प्रयोगात मऊ आणि दबलेलं लागतं.

प्रश्न : त्याच अंकात वीज कडाडते. झगमगाट आणि गडगडाट एकाच क्यूवर, म्हणजे एकाच इशाऱ्यावर, घेतलेत, पण खोटं वाटतं.

उत्तर : खोटं वाटणारच. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, प्रकाश तत्काळ दिसतो. लाइट आणि आवाज एकदम आले म्हणजे वीज तुमच्या रंगमंचावरच पडली! दोन क्यू वेगळे करा. या अंतरातून तर खरी गंमत करता येते : अंकाच्या सुरुवातीला झगमगाटानंतर चार सेकंदांनी लांबची घरघर, मग दोन सेकंद, मग एक. वादळ जवळ येतंय हे एकाही पात्राला सांगावं लागत नाही. पात्रांमधला ताण वाढतोय त्याच वेगानं हे अंतर कमी करत न्या.

फाइल नकोशी झाली असेल तर विंगेत पातळ लोखंडी पत्रा टांगून हलवून पाहा. फार जुनी युक्ती आहे. पत्रा मोठा हवा, माणसाच्या उंचीचा तरी, आणि हलवणाऱ्याला तालीम हवी. नाहीतर पत्राच ऐकू येतो.

प्रश्न : आमचा फोन नेहमी फजिती करतो. नटानं रिसीव्हर उचलला तरी घंटा वाजतच राहते आणि लोक हसतात. आवाज वाजवणारा ऑपरेटर बदलून पाहिला.

उत्तर : ऑपरेटरला बिचाऱ्याला परत बोलवा, यावरचा उपाय नटाच्या हातात आहे. जुन्या फोनची घंटा सलग वाजत नाही. घंटा, मग दोनेक सेकंद शांतता, परत घंटा. नटाला सांगा, हात फोनवर ठेव, वाजणारी घंटा संपू दे आणि शांततेत उचल. मग ऑपरेटरला बंद करायला पुरेसा वेळ मिळतो. घंटा वाजत असताना उचलला तर ऑपरेटरच्या बोटाला तेवढ्याच क्षणी पोचावं लागतं, आणि ते रोज जमत नाही. क्यू मात्र वाक्यावर ठेवू नका, हाताच्या हालचालीवर ठेवा. वाक्यं नट विसरतात, बदलतात, पुढेमागे करतात. ऑपरेटरला रंगमंच नीट दिसेल अशी जागा द्या, आणि फोनच्या मेजाखाली एक छोटा स्पीकर लपवा.

प्रश्न : शेवटच्या प्रवेशात आई मुलाचं पत्र वाचून रडते. तिथे व्हायोलिन घ्यावं की बासरी? सगळ्यांना माहीत असलेलं एखादं गाणं घेतलं तर?

उत्तर : आधी काहीच न घेता तालीम बघा. ती बाई खरंच रडत असेल तर व्हायोलिननं सोबत रडायची गरज नाही, आणि तिचं रडणं पटत नसेल तर व्हायोलिन ते झाकू शकत नाही. माझं मत विचाराल तर संगीत पत्र वाचून झाल्यावर, ती उठून पत्राची घडी घालते तिथे येऊ द्या. तोवर प्रेक्षकांनी जे वाटायचं ते स्वतः वाटून घेतलेलं असतं. वाद्य कोणतं, हा त्यानंतरचा प्रश्न. एकच वाद्य, संथ आणि मधल्या पट्टीच्या खालचं असेल तर तिचा एखादा हुंदका त्याखाली दबणार नाही. आणि संगीत थांबणार कुठे हे सुरू करण्याआधी ठरवा. बहुतेक हौशी प्रयोगांत ते कुठेतरी विरत जातं, कारण थांबायची जागा कुणी शोधलेलीच नसते.

ओळखीचं गाणं नको. ते सुरू झालं की प्रत्येक जण आपापल्या आठवणीत जातो आणि आई रंगमंचावर एकटी राहते. शिवाय शब्द असलेलं गाणं संवादाशी झगडतं. परवानगीचाही प्रश्न आहेच. रचनेचे हक्क वेगळे, त्या ध्वनिमुद्रणाचे वेगळे, दोन्हीकडे विचारावं लागतं. ‘काही सेकंद वाजवलं तर चालतं’ असं सर्रास सांगितलं जातं, पण असा सरसकट नियम नाही.

प्रश्न : लॅपटॉप नाही. सगळं मोबाइलवरून वाजवलं तर चालेल?

उत्तर : चालेल, वायरनं. ब्लूटूथनं नको, आवाज किंचित उशिरा येतो आणि बंदुकीच्या गोळीला, थपडेला तेवढा उशीर चांगलाच दिसतो. विमान मोड लावा. फाइल्सना क्यूच्या क्रमानं नंबर द्या, आणि तेच सगळं भरलेला दुसरा फोन शेजारी ठेवा.