प्रो रेसलिंगला आजवर सर्वांत जास्त गर्दी कुठे झाली? अमेरिकेच्या डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीच्या रेसलमेनिया या वार्षिक कार्यक्रमाचे आकडे खरे असतात का?

कागदोपत्री विचाराल तर उत्तर कोरियाची राजधानी प्याँगयांग. एप्रिल १९९५ मध्ये न्यू जपान प्रो-रेसलिंग आणि अमेरिकेच्या डब्ल्यूसीडब्ल्यू या कुस्ती-कंपन्यांनी तिथल्या मे डे स्टेडियममध्ये दोन दिवस लढती लावल्या. दुसऱ्या दिवशी जपानच्या अँटोनियो इनोकीने अमेरिकेच्या रिक फ्लेअरला हरवलं, तेव्हाची गर्दी १,९०,००० सांगितली गेली. इनोकीचा गुरू रिकिडोझान मूळचा कोरियाचा, म्हणून तिथे इनोकीला मान होता. पण ही माणसं सरकारी हुकमाने आणून बसवलेली. हौसेने तिकीट काढून आलेल्यांच्या रांगेत मी त्यांना धरत नाही.

आता तुमच्या मनातला आकडा: ९३,१७३. २९ मार्च १९८७, मिशिगनमधलं पाँटियाक सिल्व्हरडोम, रेसलमेनिया ३. हल्क होगनने अगडबंब आंद्रे द जायंटला उचलून आपटलं तो दिवस. रिंगपर्यंतचं अंतर इतकं होतं की पैलवानांना रिंगच्या आकाराच्या छोट्या गाड्यांत बसवून न्यावं लागलं. स्टेडियम खच्चून भरलं होतं, याबद्दल वादच नाही. वाद आकड्याचा आहे. अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याला तिथे साधारण ८०,००० लोक बसायचे. मैदानावर खुर्च्या टाकल्या तरी वर तेरा हजार कुठून आणणार? कुस्ती-पत्रकार डेव्ह मेल्टझर कित्येक वर्षं ७८,००० च्या आसपासचा आकडा सांगत आलेत आणि मला तोच पटतो. त्याने त्या लढतीची उंची तसूभरही कमी होत नाही. फुगवलेल्या आकड्यामुळे मात्र खऱ्या गर्दीवरही लोक शंका घेतात, याचं मला वाईट वाटतं.

२०१६ च्या रेसलमेनिया ३२ ला टेक्सासमधल्या आर्लिंग्टनमध्ये १,०१,७६३ जाहीर झाले. त्यात स्टेडियमवर काम करणारेही धरले होते, हे पुढे खुद्द डब्ल्यूडब्ल्यूईचे तेव्हाचे प्रमुख विन्स मॅकमहन यांनीच गुंतवणूकदारांना सांगितलं.

म्हणूनच मला लंडनचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. २७ ऑगस्ट २०२३ ला वेम्बली स्टेडियमवर एईडब्ल्यू या अमेरिकी कुस्ती-कंपनीचा ‘ऑल इन’ हा कार्यक्रम झाला. कंपनीने ८१,०३५ तिकिटं विकल्याचं जाहीर केलं. नंतर तिथल्या ब्रेंट कौन्सिल या स्थानिक पालिकेकडून गेटवरचा आकडा बाहेर आला: ७२,२६५. तिकीट काढूनही न येणारे सगळीकडेच असतात, त्यामुळे या दोन आकड्यांत मला तरी लबाडी दिसत नाही. विकलेल्या तिकिटांचा विक्रम माझ्या मते वेम्बलीचाच.