लाडूसाठी घरगुती खाऊ: अंडं नको, ओव्हन लहान, घर शाकाहारी

ताई, तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण तेरा वर्षांपूर्वी मी याच जागी उभी होते. तुमचा कुत्रा लाडू आठ महिन्यांचा, वजन अठरा किलो, दुकानातला खाऊ परवडत नाही, सासूबाईंच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा चालत नाही, हाताशी फक्त छोटा ओटीजी. तरी दोन-तीन जिन्नसांत होईल असं काही हवंय. होईल. उलट अंड्याशिवाय जास्त चांगलं होतं, असं माझं मत आहे. कसं ते सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कुत्र्याचा खाऊ हा बेकरीतला प्रकार वाटतो, पण तो खरा आपल्या वाळवणाच्या जातीतला आहे. कुरडया, सांडगे करताना आपण काय बघतो? आतपर्यंत वाळलं की नाही. इथेही तेवढंच बघायचं. कुत्र्यांच्या बिस्किटाचा धंदा पहिल्यांदा १८६०च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने सुरू केला. बंदरावर कुत्री जहाजावरची कडक बिस्किटं खाताना बघून त्याला हे सुचलं, असं सांगतात. ती जहाजी बिस्किटं म्हणजे पीठ आणि पाणी, खडखडीत वाळवलेलं. चव वगैरे काही नाही. कुत्र्याच्या जिभेवर आपल्यापेक्षा कितीतरी कमी रुचिकलिका असतात, त्याचा सगळा कारभार नाकावर चालतो. त्यामुळे मीठ, साखर, गूळ, तूप घालून आपण फक्त आपलं समाधान करून घेतो.

आता नाचणी-भोपळ्याचे तुकडे. पाव किलोच्या आतबाहेर लाल भोपळा, सालं काढून, कुकरमध्ये पाणी न लागता वाफवून घ्या. घोटल्यावर साधारण पाऊण ते एक वाटी गर होतो. नाचणीचं पीठ एक वाटी, आणि वरून लावायला थोडं वेगळं. भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट एक मोठा चमचा. संपली यादी.

नाचणीला चिकटपणा नसतो, म्हणून सगळ्या पाककृतींत अंडं सांगतात. आपल्याकडे त्याला शंभर वर्षं जुना उपाय आहे: उकड. भोपळ्याचा गर कढईत चांगला खदखदू द्या, त्यात पीठ आणि कूट घाला, उलथन्याच्या दांड्याने ढवळा, झाकण ठेवून मंद आंचेवर तीन-चार मिनिटं वाफ आणा. पिठातला स्टार्च गरम ओलाव्यात फुगतो आणि तोच खळीसारखा धरून ठेवतो. कोमट असतानाच मळा. सैल वाटलं तर पीठ लावा, पाणी मात्र अजिबात नको. दुधाची पिशवी कापून धुतलेली असेल तर तिच्या दोन प्लास्टिक कागदांमध्ये लाटायचं, चार-पाच मिलिमीटर जाड. मग शंकरपाळ्याच्या कातण्याने बोटाच्या नखाएवढे चौकोन पाडायचे, पण वेगळे करायचे नाहीत. तशीच अख्खी पोळी ट्रेवर सरकवा. भाजल्यावर रेषांवर आपोआप तुटतात आणि दीडशे तुकडे एकेक करून मांडायचा ताप वाचतो.

लहान ओटीजीत वरची कॉइल जवळ असते, वरून करपतं आणि आतून ओलं राहतं. वरची बंद ठेवता येत असेल तर ठेवा. १५० अंशांवर पंचवीस मिनिटं, मग पोळी उलटून १०० अंशांवर तास-दीड तास. या दुसऱ्या टप्प्यात दारात लाकडी उलथनं अडकवून बोटभर फट ठेवा. वाफ बाहेर गेली नाही तर तुम्ही खाऊ वाळवत नसून उकडताय. बंद केल्यावर तसंच आत गार होऊ द्या. एक तुकडा मोडा: कट् आवाज आला पाहिजे. वाकला, तर अजून अर्धा तास. ओव्हन नसेल त्यांनी हीच उकड पापडासारखी पातळ लाटून तव्यावर मंद आंचेवर, फडक्याने दाबत, खाकऱ्यासारखी भाजावी. माझी पहिली काही वर्षं तव्यावरच गेली.

शेंगदाण्याबद्दल एक सांगते. दाणे निवडून घ्या. काळपट, बुरशी लागलेला, कडवट एकही दाणा नको. बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, भाजल्याने ते पूर्ण जात नाही आणि कुत्र्याचं यकृत त्याला फार हळवं असतं. खवट निघालेले दाणे "कुत्र्याला चालतील" म्हणून बाजूला काढायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा. आणि विकतचं पीनट बटर वापरायचं असेल तर डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. साखरविरहित म्हणून विकतात त्यात झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य, असू शकतं. कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने एकदम खाली येते, यकृतही जातं. थोड्या प्रमाणातही ते विष आहे.

रताळ्याचे काप तर याहून सोपे. एकच जिन्नस. रताळं खसखसून धुवा, साल राहू दे, उभे पाच मिलिमीटरचे काप करा, १२० अंशांवर दोन-अडीच तास, मध्ये एकदा उलटा. बाहेर काढल्यावर चामड्यासारखे चिवट लागतात. लाडूच्या वयाला ते बरं, कारण आठव्या महिन्यातही चावायची हौस असतेच, चपला वाचतात. जवळ बसून खायला द्या, अख्खा काप गिळणारी कुत्री असतात. पुण्यात एप्रिल-मेच्या उन्हात हेच काप आधी अर्धे वाफवून, मलमलीखाली गच्चीवर दोन-तीन दिवसांत वाळतात. मी चिपळूणची, मला हे सुख वर्षातले तीन महिनेच.

आता पावसाळ्याचं. माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. माझी कुत्री भुरी घरी आली त्या वर्षी जुलैत मी केळं आणि कणकेची मऊ बिस्किटं करून पितळी डब्यात भरली. खूप घरगुती, खूप प्रेमळ. पाचव्या दिवशी खालच्या थराला हिरवट लव आली होती आणि वरचे मी रोज देत होते. रात्रभर उलट्या, सकाळी डॉक्टर, सलाईन. निभावलं. तेव्हापासून नियम केला: जे वाकतं ते फ्रिजमध्ये, आणि तिथेही चार दिवस. जे मोडतं ते हवाबंद बरणीत, कोरड्या दिवसांत तीन आठवडे, पावसात दहा दिवस. जास्त केलं तर फ्रीझरमध्ये दोन महिने आरामात राहतं. बरणी भरताना तारीख लिहून चिकटवा, नाहीतर घरात कोणालाच आठवत नाही.

किती द्यायचं हा तुम्ही न विचारलेला प्रश्न, पण खरा तोच आहे. पशुवैद्यक वापरतात तो हिशोब असा: किलोतल्या वजनाचा पाऊण (०.७५) घात, गुणिले ७०, ही पडून राहिलेल्या कुत्र्याची दिवसाची गरज. अठरा किलोला सुमारे ६१० कॅलरी. वाढत्या वयात त्याच्या साधारण दुप्पट, म्हणजे बाराशेच्या आसपास कॅलरी. त्यातला दहा टक्क्यांपर्यंतच खाऊ असावा, म्हणजे १२०. वरच्या नाचणीच्या घाण्यात सगळ्या मिळून पाचशेच्या थोड्या वर कॅलरी, त्याचे दीडशे तुकडे, म्हणजे एकात साडेतीन. दिवसाला तीस-पस्तीस तुकडे देता येतात! तेच साधं ग्लुकोजचं बिस्किट पंचवीसच्या आसपास, पाचात कोटा संपला, आणि त्यात मैदा नि साखर. "बस", "थांब" शिकवताना कुत्रा मोजतो ते कितीदा मिळालं. तुकडा केवढा होता हे तो मनावर घेत नाही. म्हणून कातणं लहान चालवा.

आमच्याकडे पाच माणसं. प्रत्येकाला वाटायचं आपण एकच देतोय. एका वर्षात भुरी अडीच किलोने वाढली आणि कोणी गुन्हा कबूल करेना. मग मी सकाळी एका वाटीत दिवसभराचा खाऊ काढून फळीवर ठेवायला लागले. ज्याने द्यायचं त्याने त्यातूनच, वाटी रिकामी झाली की दुकान बंद. सासरे दुपारी बाराला वाटी संपवायचे आणि संध्याकाळी भुरीसमोर रिकामे हात दाखवायचे, ते दृश्य बघण्यासारखं असायचं.

तुम्ही लिहिलंय की लाडू खाजवतो आणि म्हणून कोणी तुम्हाला गहू बंद करायला सांगितलं. घाई करू नका. आधी गोचीड, पिसवा, पावसाळी बुरशी हे बघून घ्या, आपल्या हवेत बहुतेक वेळा तिथेच सापडतं. अन्नाची ॲलर्जी असलीच तर गव्हाइतकीच, किंबहुना जास्त, ती दूध आणि कोंबडीसारख्या प्रथिनांची निघते. डॉक्टरांनी आहाराची चाचणी सुरू केली तर ती किमान आठ आठवडे चालते, आणि त्या काळात बाहेरचा एक कणही नको, वॉचमनकाकांचं बिस्किटसुद्धा नको. तेव्हा एकाच जिन्नसाचा खाऊ कामाला येतो, पण जिन्नस कोणता हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि गोचीड जावी म्हणून खाऊत लसूण घाला, असं सांगणारा कोणीतरी भेटेलच. मान डोलवा आणि घालू नका. कांदा-लसूण, कच्चा, शिजलेला, पूड कसाही असो, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो.

तशीच घरातली दुसरी खोड म्हणजे प्रसाद. शिऱ्यातले बेदाणे, मनुका काढून टाकून शिरा देतात. नको. द्राक्षाचा कुठलाही प्रकार कुत्र्याच्या मूत्रपिंडावर उठतो आणि किती खाल्ल्यावर उठेल याचा नेम नसतो. एका कुत्र्याने मूठभर पचवले म्हणून दुसऱ्याला चार चालतील असं नाही. जायफळ घातलेलं पुरण, श्रीखंड, दिवाळीचा तळलेला फराळ, चॉकलेट हेही दूरच. तुपकट खाऊन स्वादुपिंडाला सूज आलेली कुत्री दर दिवाळीनंतर दवाखान्यात दिसतात. गणपतीत पाहुणे आले की मी नाचणीच्या तुकड्यांची वाटी देवाशेजारी ठेवते आणि सांगते, भुरीला द्यायचाच असेल तर हा प्रसाद द्या. कोणाचं मन मोडत नाही.

शिळ्या भाकरीचं बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून सांगते: उत्तम. मीठ न घातलेली ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, तुकडे करून तव्यावर कडक केली की खाऊ तयार. आमच्या आजीच्या काळी वाड्यातल्या कुत्र्याला हेच मिळायचं, आणि कोणी त्याला ट्रीट म्हटलं नव्हतं. फडक्यात दोन दिवस पडून आंबलेली मात्र नको. गाजर, काकडी, बिया काढलेलं सफरचंद यांना तर काही करावंच लागत नाही. उन्हाळ्यात साधं दही आणि कुस्करलेलं केळं बर्फाच्या साच्यात गोठवून एक वडी द्या, पण दुधाने पोट बिघडतं का हे आधी चमचाभर देऊन बघा.

शेवटी सासूबाईंची हरकत नसेल तर, किंवा बाल्कनीत वेगळी शेगडी मांडता येत असेल तर, एकदा कोंबडीची कलेजी करून बघा. पाव किलो कलेजी साध्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, हरभऱ्याएवढे तुकडे करा, १०० अंशांवर दीड-दोन तास वाळवा. आधी उकळायचं, मग वाळवायचं, हा क्रम उलटा नाही. मंद आंचेवर कच्चं मांस नुसतं वाळवलं तर त्यातले जंतू मरतीलच असं नसतं, आणि उन्हात तर मांस कधीच नको. हा खाऊ भारी आहे, दिवसाला पाच-सात तुकड्यांच्या वर देऊ नका, कलेजीत अ जीवनसत्त्व खच्चून भरलेलं असतं. वासाला मात्र तोड नाही. काळू नावाचा कुत्रा दोन गल्ल्या पलीकडे असला तरी बरणीचं झाकण वाजलं की येतो.

हे जमणार नसेल तर नाचणीच्या तुकड्यांच्या बरणीत एक वाळलेला पनीरचा तुकडा ठेवून द्या, मीठ नसलेलं घरचं पनीर. दोन दिवसांत वास सगळ्या तुकड्यांना लागतो आणि घरात कोणी तक्रार करत नाही. पण हा तुकडाही कट् मोडेपर्यंत वाळलेला हवा, नाहीतर अख्खी बरणी जाईल.

या रविवारी फक्त रताळं करा. जमलं की पुढच्या आठवड्यात उकड. पोळी करपली किंवा वाकली तर जाडी आणि किती वेळ ठेवली ते लिहा, मी सांगते कुठे चुकलं.