विद्युतभारित अडथळे (जसे भार असलेले बारीक कण) असलेल्या द्रावणात आयनांची, म्हणजे भार असलेल्या अणूंची, हालचाल नेहमी मंदावतेच का?

नाही. अडथळा आला की वाट लांबते आणि वाहकता (वीज वाहून नेण्याची क्षमता) घटते, एवढंच ज्यांनी तुम्हाला शिकवलं, त्यांनी अडथळ्यावरचा भार हिशोबात धरलेलाच नाही.

हा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. पीएचडी करताना मी सोडियम क्लोराइडच्या द्रावणात सिलिकाचे ऋणभारित कण मिसळून वाहकता मोजत होते. मीठ भरपूर असताना सगळं मॅक्सवेलच्या 1873च्या सूत्राबरहुकूम: विद्युतरोधी गोल कणांनी 10 टक्के जागा व्यापली तर वाहकता साधारण 14 टक्क्यांनी घटते. मीठ कमी करत गेले तशी ही घट आटत गेली, आणि पुढे तर कण घातलेलं द्रावण नुसत्या द्रावणापेक्षा जास्त वाहक निघालं. ग्रुप मीटिंगमध्ये आमच्यातले एक वरिष्ठ सगळ्यांदेखत म्हणाले, "सेल नीट धुतला नसशील." सेल म्हणजे मोजमापाचं भांडं. धुतला होता! कण डायलिसिस करून, म्हणजे पडद्यातून जास्तीचे क्षार काढून, घेतले होते. सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण वेगळं मोजलं होतं, ते मूळ द्रावणाइतकंच भरलं. मग म्हणे इलेक्ट्रोड खराब. शेवटी तो आलेख प्रेझेंटेशनमधून काढायला लावला.

कारण काही गूढ नाही. ऋणभारित पृष्ठभागाभोवती सोडियम गर्दी करतो, क्लोराइड लांब राहतो. या थराची जाडी म्हणजे डिबाय लांबी: 0.1 मोलरला (मोलर म्हणजे मिठाच्या संहतीचं एकक) जेमतेम 1 नॅनोमीटर, हजारपट विरळ 0.1 मिलिमोलरला 30. बाहेर आयन विरळ झाले की पृष्ठभागालगतची ही गर्दीच बराचसा प्रवाह वाहून नेते. त्या वरिष्ठांनी जन्मभर 0.1 मोलरच्या आसपासच मोजमापं केली, त्यांना हे दिसणार कुठून?

तुम्ही मोजणार असाल तर मीठ निदान हजारपटीच्या पट्ट्यात बदला आणि वरच्या द्रावणाचं रीडिंग दर वेळी वहीत लिहा. शंकेखोरांची तोंडं त्यानेच बंद होतात.

हो, एक राहिलं. वाहकता वाढली म्हणजे प्रत्येक आयन जोरात पळतो असं नाही. वाहकांची संख्या वाढलेली असते. पृष्ठभागाशी अडकलेला एकेक सोडियम उलट मंदावलेलाही असू शकतो, आणि कॅल्शियम तर जास्तच. तुम्हाला विसरण (डिफ्यूजन, म्हणजे एकेक आयन आपोआप किती पसरतो ते) हवं असेल तर ते ट्रेसरने (खूण केलेल्या आयनांनी) किंवा एनएमआरने (चुंबकीय अनुनादाच्या तंत्राने) वेगळं मोजावं लागेल. जेलीसारख्या जेलमध्ये आणि मेम्ब्रेनमध्ये (पातळ पडद्यात), जिथे भार पॉलिमरच्या साखळ्यांवर पसरलेला असतो, तिथे माझं सिलिकाचं गणित जसंच्या तसं लावू नका.