४२ मैलांची बॅटरी ३० मैलांतच का संपते?

नवी राव्ह४ प्राइम, म्हणजे टोयोटाची चार्जवर आणि पेट्रोलवरही चालणारी गाडी घेतलीत, अभिनंदन! बॅटरीत दोष आहे असं लगेच समजू नका. ४२ मैल हा ईपीएचा (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा) चाचणीतला आकडा आहे, तुमच्या रोजच्या रस्त्यावरचा नाही.

आधी वेग बघा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी ६० मैलांऐवजी ७५ ने गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. म्हणून मी हायवेवर हायब्रिड मोड (पेट्रोल इंजिनही वापरणारा) लावतो आणि चार्ज गावातल्या सिग्नलांसाठी राखून ठेवतो. तिथे दर वेळी वेग कमी करताना थोडी वीज परत मिळते. पण लांबूनच लाल दिवा दिसला की पाय उचला. शेवटच्या क्षणी करकचून ब्रेक दाबलात तर बरीच ऊर्जा ब्रेकच्या चकत्या तापवण्यातच जाते.

थंडीत रेंज घटणारच. निघण्यापूर्वी, गाडी चार्जरला असतानाच केबिन गरम करून घ्या. नंतर हीटर कमी ठेवून सीट तापवा, वीज पुष्कळ वाचते. (बायको कुरकुरते, ते वेगळं.) टायरमधली हवाही बघा, थंडीत ती उतरते.

आणि डॅशबोर्डवरच्या रेंजच्या अंदाजावर फार विसंबू नका. तुम्ही काल गाडी कशी हाकलीत, त्याचाच तो हिशोब असतो.