लहानपणी कुत्रा-मांजर सोडून तुमच्या घरी कोणता वेगळा प्राणी पाळला होता?

प्रश्न वाचला आणि आधी बंड्याच डोळ्यासमोर आला. उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते.

बंड्या म्हणजे बदक. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठापासून थोडं आत, ऊस आणि हळदीचा भाग. तिथं बदकं कोण पाळतं? म्हशी, शेळ्या, कोंबड्या सगळ्यांच्या घरी, पण बदक म्हणजे अंकलिपीतलं 'ब बदकाचा' एवढीच ओळख. घरामागं मोठं परडं होतं, त्यात शेवगा, पपई, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेलं अळू, कोपऱ्यात कोंबड्यांचं खुराडं आणि आडाजवळ जमिनीत अर्धी पुरलेली एक जुनी दगडी डोण. माझं सगळं लहानपण त्या परड्यात गेलं म्हटलं तरी चालेल, घरात फक्त जेवायला आणि मार खायला यायचे.

1988 ची दिवाळी होऊन गेली होती, मी चौथीत. आण्णांच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना बदकाची सात अंडी दिली, ऑम्लेट करून खा म्हणून. कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठी आणि जरा हिरवट झाक असलेली. आईनं ती हातात घेऊन बघितली आणि माझ्या कढईत असलं काही पडणार नाही म्हणून सांगून टाकलं. नेमकी त्याच आठवड्यात आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली होती. ज्यांनी कोंबड्या पाळल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते, खुडूक झालेली कोंबडी अंडी द्यायचं बंद करते, पिसं फुलवून एका जागी बसून राहते आणि जवळ गेलं की गुरगुरते. आज्जी म्हणाली, "आयती बसलीया, ठेवू तिच्या खाली. तिला काय कळतंय कुणाची हायती."

मग रवण घातली. फुटक्या पाटीत भाताचं काड, त्यावर सात अंडी, प्रत्येकावर कोळशानं फुली (दुसरी कोंबडी मधेच येऊन अंडं घालून गेली तर ओळखू यावं म्हणून), आणि काडाखाली एक लोखंडी खिळा. खिळा का तर वीज कडाडली की अंडी वाया जातात म्हणे. मार्गशीर्षात कुठली वीज, पण आज्जीला विचारायची सोय नव्हती.

कोंबडीचं पिल्लू एकविसाव्या दिवशी बाहेर येतं. हे आज्जीला पाठ, कॅलेंडरवर चुन्याचं बोट लावून ठेवलेलं. एकविसावा दिवस आला, गेला. बाविसावा गेला. शेजारच्या काकू येऊन सांगून गेल्या की अंडी कुजली असणार, फुटली तर घरभर वास सुटेल, टाकून द्या. तांबडी मात्र हलायला तयार नाही, वाळून काटकी झालेली, आज्जी दिवसातून एकदा तिला उचलून बाहेर काढायची, ती चार दाणे टिपायची, एकदा धुळीत लोळायची आणि पळत परत पाटीत. शेवटी आण्णांनी ऑफिसात विचारलं तेव्हा कळलं की बदकाला अठ्ठावीस दिवस लागतात, आणि अंड्यांवर रोज थोडं कोमट पाणी शिंपडावं लागतं, कारण बदकीण स्वतः पाण्यातून ओल्या पोटानं येऊन बसते आणि कोंबडी कोरडी.

त्या रात्री आण्णांनी तीन सेलची बॅटरी आणली, अंधार केला आणि एक अंडं काचेवर धरलं. आतून सगळं लाल-नारिंगी उजळलं, पिंपळाच्या पानावर असतात तशा बारीक शिरा, आणि त्यांच्यामधे एक काळा गोळा. तो हलला. मी किंचाळले आणि आण्णांच्या हातातून अंडं पडता पडता राहिलं, त्याबद्दल पाठीत धपाटाही बसला. एक अंडं नुसतंच पिवळं दिसलं, ते काढून टाकलं. उरली सहा.

अठ्ठाविसाव्या दिवशी संध्याकाळी टिकटिक सुरू झाली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार पिल्लं बाहेर. एक अंडं गप्पच राहिलं, ते शेवटपर्यंत फुटलं नाही. आणि एकाला भोक पडलेलं, त्यातून चोच दिसत होती, पण पुढं काही होईना. मी तिथंच उकिडवी बसलेली. आज्जीची पाठ वळली की नखानं टवका काढायचा, परत गप्प बसायचं. आज्जीनं बघितलंच. "आगं सोलू नगंस, रगात येतंय!" आणि खरंच आतल्या पापुद्र्याला लाल रेघ आली. मग तिनंच ते अंडं माझ्याकडून घेतलं, ओल्या फडक्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवलं आणि मध्यरात्री कधीतरी ते पिल्लू सुटलं. ओलं, चिकट, मान टाकलेलं. तांबडीखाली ठेवलं तर बाकीची तुडवतील म्हणून सुपात कापूस घालून दोन दिवस चुलीजवळ. मी सुपाशेजारी. झोपले पण तिथंच.

तर तो बंड्या. दोन दिवसांनी त्याला तांबडीकडं सोडलं तर तो तिच्याकडं बघेना, फडाफडा माझ्यामागं. मी संडासला निघाले तरी मागं. मला वाटलं मी त्याचा जीव वाचवला म्हणून त्याला जाण आहे. पुढं कॉलेजला बी.एस्सी.ला असताना कोनराड लोरेन्झबद्दल वाचलं, ज्यांच्यामागं हंसाची पिल्लं रांगेनं चालायची, 1973 चं नोबेलही ज्यांना मिळालं (तिघांत विभागून), तेव्हा कळलं की जाण वगैरे काही नसतं, जन्मल्यावर पहिल्या एक-दोन दिवसात समोर जे हलतं ते आई. माझ्याऐवजी चुलीपुढं मांजर बसलं असतं तर बंड्या मांजरामागं फिरला असता. जरा वाईट वाटलं होतं ते वाचून, खोटं कशाला सांगू.

आता डोणीचं सांगते. पिल्लं पाच-सहा दिवसांची असताना तांबडी त्यांना घेऊन परड्यात उकरायला निघाली. धुण्याच्या दगडावरून डोणीच्या काठावर सहज जाता येत होतं. पहिलं पिल्लू काठावर चढलं, मान वाकडी करून पाण्याकडं बघितलं आणि टुपकन आत. मागून दुसरं. मागून दोन्ही. तांबडीनं जो आवाज काढला तो मी आजवर कुठल्या कोंबडीच्या तोंडून ऐकला नाही, घार आल्यावर काढतात तो वेगळा. ती डोणीभोवती पळत होती, पंख जमिनीला घासत होते, काठावर चढायची, एक पाय पाण्याला लावायची, झटकायची, परत खाली. आणि आत ती चौघं मजेत गोल गोल. आज्जी धावत आली, आधी हसायला लागली, मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "खुळी हाय. तिला वाटतंय प्वारं बुडाली." आणि तिथंच खाली बसून तिला चुचकारत राहिली.

आम्ही सगळे हसत बसलो आणि तिथंच चुकलो. डोणीत उतरायला वाट होती, वर यायला नव्हती. शिवाय बदकिणीच्या पोटाखाली वाढलेल्या पिल्लांच्या अंगाला तिच्या पिसांचं तेल लागतं, कोंबडीकडं ते कुठून येणार, त्यामुळं ही पिल्लं स्पंजासारखी भिजली. पौषातली सकाळ, आडाचं पाणी. आम्ही बाहेर काढली तेव्हा चारही लटपटत होती, तीन चुलीजवळ सावरली, एक दुपारी गेलं. आज्जीनं पपईच्या बुडात पुरलं. संध्याकाळी आण्णांनी फरशीचा एक तुकडा डोणीत तिरका लावला, चढायला. तो तुकडा अजून तिथं आहे.

बाकी रोजचं सांगायचं तर बदक दिसायला जेवढं गोंडस तेवढंच घाण करणारं. खायला कणी, कोंडा, ताकात कुस्करलेली भाकरी, काहीही चालतं, पण शेजारी पाणी लागतंच आणि तेही नाकपुड्यांपर्यंत चोच बुडेल एवढं, दर दोन घासांना पाण्यात तोंड घालणार, ते पाणी बाहेर उडवणार, मग त्या चिखलात चोच खुपसून चाळत बसणार. आईनं अंगण सारवलं की पाच मिनिटांत त्यावर हिरवट पिचकाऱ्या. आई त्यांना 'तुझी भुतं' म्हणायची. पण पुढच्या पावसाळ्यात अळूवर गोगलगायी चढल्या, दरवर्षी चढायच्या, आणि ह्या चौघांनी आठ दिवसांत एक ठेवली नाही. त्यानंतर आईचा आवाज जरा खाली आला.

पण सगळ्यात मोठा घोटाळा बंड्याच्या घशाचा. दोनेक महिन्यांची झाल्यावर बाकी तिघींचा आवाज फुटला, असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा, आणि बंड्या मात्र घोगरा. नुसतं खर्र खर्र, जुन्या सायकलच्या ब्रेकसारखं. मला वाटलं थंडी बाधली, जन्मतःच अशक्त ना. मग मी त्याला हळदीचं कोमट पाणी ड्रॉपरनं पाजलं, खडीसाखर कुटून घातली, गळ्याला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली. ती पट्टी बांधून तो आठवडाभर फिरत होता. शाळेच्या दारापर्यंत यायचा, तर वर्गातली पोरं त्याला 'पेशंट' म्हणायला लागली. शेवटी गावात जनावरांचे डॉक्टर म्हशीला बघायला आले होते त्यांना दाखवला. त्यांनी शेपटीवरचं वळलेलं पीस माझ्यापुढं धरलं आणि म्हणाले, बाळ, हा नर आहे, ह्यांचा आवाज असाच असतो, ओरडतात त्या माद्या. आण्णा तिथंच खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

नर आहे हे त्यानं नंतर चांगलंच दाखवून दिलं. दूधवाल्याची पँट धरायचा, पोस्टमनला दारात उभं राहू द्यायचा नाही. माझ्या मैत्रिणी पुढच्या दारानं हाक मारायच्या.

बदकांशिवाय एकदा रेशमाचे किडे पण पाळले होते. मामाकडं तुतीचं रान होतं, त्यानं बुटाच्या खोक्यात चाळीसेक अळ्या दिल्या. दिवसभर नुसतं खाणं, रात्री सगळं शांत झालं की खोक्यातून भुरभुर पाऊस पडल्यासारखा पानं कुरतडायचा आवाज यायचा. चार वेळा कात टाकतात, कात टाकायच्या आधी डोकं वर करून दिवसभर पुतळ्यासारख्या गप्प, मी दोन-तीन मेल्या समजून टाकूनही दिल्या. मग कोश. एका कोशात साधारण किलोमीटरभर लांब सलग धागा असतो, पण तो मिळवायचा तर आतल्या जिवासकट उकळायचा. मी रडून गोंधळ घातला, म्हणून उकळले नाहीत. तर त्यातून पांढरी गुबगुबीत पाखरं आली, त्यांना ना खाता येतं ना उडता येतं, अंडी घातली आणि आठवड्याभरात सगळी संपली. त्यात काही गंमत वाटली नाही, परत मागितले नाहीत.

आणि आडात एक कासव होतं, पाणी साफ राहतं म्हणून आजोबांनी कधीतरी सोडलेलं, त्याला मी पाळलेलं म्हणणार नाही, ते आमच्या आधीपासून तिथं होतं. हे वाचून कुणी कासव किंवा पोपट आणायला निघाला असाल तर थांबा, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडची कासवं आणि देशी पोपट घरात ठेवणं गुन्हा आहे. बदकं पाळा खुशाल, फक्त अंगणाचा मोह सोडा.

1991 ला आण्णांची बदली झाली आणि आम्ही क्वार्टरमधे राहायला गेलो, दुसऱ्या मजल्यावर. गावाबाहेर पाझर तलाव आहे, 1972 च्या दुष्काळात कामावर गेलेल्या लोकांनी खोदलेला, आज्जी पण होती त्या कामावर. तलावाशेजारी ज्यांचं रान त्यांना बदकं दिली. दिवाळीला गेले तेव्हा काठावरून हाक मारली. बंड्यानं मान वळवली, खर्र केलं, थोडा काठाकडं आला आणि मग तिघी पलीकडं निघाल्या तसा त्यांच्या मागं गेला. मी आणखी दोन हाका मारल्या. आण्णा म्हणाले चल, एसटी चुकेल.

तांबडीचं एक राहिलंच. बदकं झाली त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात, मेच्या सुट्टीत, ती परत खुडूक झाली आणि ह्या वेळी आज्जीनं तिच्याखाली तिचीच अंडी ठेवली. नऊ पिल्लं निघाली, अस्सल कोंबडीची. चौथ्या-पाचव्या दिवशी ती त्यांना घेऊन सरळ डोणीकडं गेली. काठावर चढली, पाण्याकडं तोंड करून क्लक क्लक करत उभी राहिली. पिल्लं खाली दगडापाशी गोळा होऊन तिच्याकडं बघतायत, एक पण वर येईना. ती खाली यायची, त्यांच्याभोवती एक फेरी मारायची, परत काठावर. बराच वेळ चाललं होतं हे. शेवटी आज्जीनं उठून डोणीवर डालगं पालथं घातलं.